बाबांचा फोन पऱ्यात पडला. पाणी गेलेला फोन आणि आतले नंबर वाचवायला मदत हवी

साकवाजवळ | ९ जुलै, रात्री ८:४०

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून लिहितेय. लावणीसाठी चार दिवस सुट्टी काढून आलेय.

आज दुपारी साडेतीनच्या सुमारास बाबा तरव्याच्या मुठी घेऊन साकवावरून येत होते. मधेच वाकले आणि सदऱ्याच्या खिशातला फोन खाली पऱ्यात गेला. पाणी गढूळ होतं आणि ओढही बरीच होती. दगडांच्या फटीत अडकला म्हणून सापडला तरी. पाच-सात मिनिटं पाण्याखाली होता.

पुढे काय केलं तेही सगळं सांगते, म्हणजे नीट सल्ला देता येईल. बाबांनी बाहेर काढल्या काढल्या बटण दाबून बघितलं. स्क्रीन लागली, हिरव्या उभ्या रेघा आल्या आणि बंद पडली. मग शेजारच्या दादाने घरी येऊन चार्जिंगला लावला. दहाएक मिनिटांनी हाताला गरम लागायला लागला तेव्हा मी वायर काढली. आता तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलाय.

फोन साधाच आहे, चार वर्षांपूर्वी साडेनऊ हजारांना घेतलेला. तो गेला तर गेला. पण आत आंब्याच्या गिऱ्हाइकांचे नंबर आहेत. बाबा बारा-तेरा वर्षं दलालाकडे न देता स्वतः मुंबई-पुण्याला पेट्या पाठवतात. दोनशेच्या वर माणसं जोडलीयत. नंबर सगळे 'फोन'मध्ये सेव्ह केलेले. गुगल कॉन्टॅक्ट्स मी आत्ता माझ्या मोबाईलवरून बघितले, तिथे फक्त १९ नावं आहेत. यंदाच्या उधारीच्या वहीचे फोटोही त्याच फोनमध्ये. खुद्द वही ठेवलेल्या फळीला जूनमध्ये वाळवी लागली, त्यामुळे आता फोटो हीच वही.

बाबा संध्याकाळपासून गप्प आहेत. काय करू?

गोदाकाठ | ९ जुलै, रात्री ८:५५

ताई, घाबरू नका. तांदळातच राहू द्या, ४८ तास हात लावू नका. २०१८ साली माझा फोन बादलीत पडला होता, दोन दिवस तांदळात ठेवला आणि पुढे अडीच वर्षं चालला.

झाळकाम | ९ जुलै, रात्री ९:२०

ताई, आधी तांदळातून बाहेर काढा. मी कोल्हापुरात चौदा वर्षं मोबाईल बोर्डाचं काम करतोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात आलं, त्यानंतर दोन महिने टेबलावर पाणी गेलेल्या सेटशिवाय दुसरं काही नव्हतं. त्यातले निम्मेअधिक सेट कुठल्या ना कुठल्या डब्यातून आले होते. चार्जिंगच्या भोकात तांदळाची कणी फुगून बसलेली, स्पीकरच्या जाळीवर पिठूळ थर. अ‍ॅपलनेसुद्धा २०२४ च्या जानेवारीत आपल्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं की भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान करतात.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. तांदूळ पाणी बाहेर ओढून काढत नाही. फोनच्या आत बोर्डावर पत्र्याची झाकणं असतात, आम्ही शील्ड म्हणतो. पाणी त्या झाकणाखाली, आयसीच्या म्हणजे चिपच्या पोटाखाली, केसाएवढ्या फटीत जाऊन बसतं. बाहेर ठेवलेल्या तांदळाला ते दिसतही नाही.

आत्ता रात्री एवढं करा. फोन चालू करून बघू नका, एकदाही नाही. चार्जरच्या जवळ नेऊ नका. सिम आणि मेमरी कार्डाचा ट्रे काढून बाजूला ठेवा. चार्जिंगचं भोक खाली येईल असा फोन धरून तळहातावर हलकेच आपटा, जोरजोरात झटकू नका, झटकल्याने पाणी कोरड्या भागात पसरतं. नंतर भोक खालीच ठेवून टेबलफॅनच्या वाऱ्यात उभा करून ठेवा. हेअर ड्रायर नको, चूल नको, तवा नको. ड्रायरची हवा पाणी आणखी आत ढकलते आणि उष्णतेने पाठीचा गम सुटतो, बॅटरीला धोका तो वेगळाच.

आणि उद्या सकाळी दुकान उघडताच जवळच्या कुठल्याही मोबाईलवाल्याकडे जा. त्याला एकच काम सांगा: "पाठ उघड आणि बॅटरीचा कनेक्टर सोडव. बाकी काही करू नकोस." पाच मिनिटांचं काम आहे. फोन बंद असला तरी बॅटरीची लाइन बोर्डावर जिवंतच असते. बटण दाबून बंद केलेला फोन खऱ्या अर्थाने बंद नसतो, आणि तुमच्या फोनची बॅटरी बाहेरून काढता येत नाही. घरी सुरी-बिरी घालून पाठ उचकटू नका. बॅटरीला टोक लागलं तर पेट घेते.

प्रयोगवही | ९ जुलै, रात्री १०:०५

झाळकाम यांनी 'लाइन जिवंत असते' म्हटलं, त्याची बाजू मी सांगते. मी रसायनशास्त्र शिकवते.

फोन पाण्याने मरत नाही, पाणी आणि वीज एकत्र आल्याने मरतो. निव्वळ शुद्ध पाणी विजेचं फार वाईट वाहक आहे. पण पऱ्याचं गढूळ पाणी म्हणजे विरघळलेले क्षार, माती, शेतातून उतरलेलं खत. ते वीज चांगलं वाहून नेतं. आठवीत आपण तांब्याच्या मुलाम्याचा प्रयोग करतो: मोरचूदाच्या द्रावणात दोन पट्ट्या, एक सेल. धन पट्टीचं तांबं विरघळतं आणि ऋण पट्टीवर जाऊन बसतं. भिजलेल्या बोर्डावर नेमकं हेच होतं. धन बाजूच्या टाक्याचा धातू विरघळून शेजारच्या ऋण बाजूकडे सरकतो. तिथे झाडाच्या मुळांसारखे धातूचे बारीक फाटे वाढतात आणि दोन तारा जोडल्या गेल्या की शॉर्ट. पाण्याचं विघटन व्हायला सव्वा व्होल्टच्या आसपास पुरतात आणि लिथियम बॅटरी ३.७ व्होल्टच्या वर असते. चार्जर लावला की तिथे ५ व्होल्ट आणखी आले.

म्हणून दहा मिनिटांचं चार्जिंग एखाद्या दिवसाच्या भिजण्यापेक्षा जास्त नुकसान करू शकतं. शेजारच्या दादाला मात्र बोलू नका, त्याने चांगल्या मनानेच लावला. पण आतली बॅटरी सुटेपर्यंत तो प्रयोग चालूच आहे हे ध्यानात ठेवा.

गोदाकाठ | ९ जुलै, रात्री १०:२०

तुम्हा दोघांचं म्हणणं समजलं, पण माझा फोन वाचला हे तर खरं आहे ना? तांदूळ ओलावा शोषत नाही असं कसं म्हणता? मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतातच की आपल्याकडे.

इसारकाठ | १० जुलै, पहाटे २:१०

गोदाकाठ, मी म्युनिकमध्ये राहतो, माझ्याकडेही अशीच गोष्ट घडली. जानेवारीत फोन सिंकमध्ये पडला, तांदळात ठेवला, वाचला. मीही चार वर्षं सगळ्यांना तांदूळच सांगत होतो. मग पुढच्या एका हिवाळ्यात बायकोचा फोन पडला, घरात तांदूळ नव्हता, तो हीटर चालू असलेल्या खोलीत कपाटावर नुसताच ठेवला. तोही वाचला. इथे हिवाळ्यात हीटरमुळे खोलीतली हवा इतकी कोरडी होते की हात उलतात. फोन वाळवला त्या हवेने.

तुमचा फोन कुठल्या महिन्यात पडला होता?

गोदाकाठ | १० जुलै, सकाळी ७:४५

मार्चमध्ये. नाशिकचा मार्च, म्हणजे तुमचा मुद्दा बरोबर आहे. हवा कोरडीच असते. आणि तो बंदच होता, आम्ही चालू करून बघितला नव्हता, कारण चार्जिंग संपलेलं होतं. आता कळतंय की त्यानेच वाचला असणार. ताई, माझा सल्ला मागे घेतो. रात्री तुम्ही काढलात ना तांदळातून?

प्रयोगवही | १० जुलै, सकाळी ८:००

मिठाच्या बरणीचं उदाहरण बरोबर आहे. तांदूळ ओलावा घेतो, पण फार सावकाश आणि थोडा. आणि हे जुलैतलं कोकण आहे. हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात, डब्यातला तांदूळ स्वतःच दमट. ओला टॉवेल पुसायला ओलं फडकं घेतल्यासारखं आहे ते. सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या, हवाबंद डब्यात पुष्कळ असतील तर. पण शील्डखाली अडकलेल्या पाण्याला त्याही लगेच पोहोचत नाहीत. एसी असलेली खोली मिळाली तर उत्तम, एसी हवेतला ओलावा काढून टाकतो.

साकवाजवळ | १० जुलै, सकाळी ८:३०

काढला रात्रीच. चार्जिंगच्या भोकातून दोन-तीन थेंब गढूळ पाणी आलं. गावात एसी फक्त पतसंस्थेत आहे आणि तिथे फोन ठेवा म्हणून कसं सांगू! पंख्यासमोर उभा केलाय, तेही लाइट रात्री तीन वेळा गेली.

९:१५ च्या एसटीने राजापुरात जातेय बॅटरी सोडवून घ्यायला. बाबाही निघाले होते, पण चिखलणी अर्ध्यावर आहे, पावर टिलर आजच मिळणार आहे. त्यांना म्हटलं तुम्ही शेत बघा.

एक प्रश्न. बँकेचे मेसेज, पीएम किसान, पुढच्या महिन्यात ई-पीक पाहणी, सगळं त्याच नंबरावर आहे. त्याचं काय करू?

पासबुक | १० जुलै, सकाळी ९:०५

मी बँकेत काउंटरला असते, हे रोज बघते. सिमला पाण्याने काही होत नाही. पुसून, कोरडं करून दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये घाला, घरातला जुना बटणांचा फोनही चालेल. ओटीपी यायला लागतील. दुकानदाराकडे फोन देताना सिम चुकूनही आत ठेवू नका. नवीन सिमच्या मागेही लागू नका. सिम बदललं की सुरुवातीचे २४ तास त्यावर एसएमएस बंद राहतात, म्हणजे ओटीपीही नाही. जुनं सिम चालतंय तोवर तेच वापरा.

यूपीआय दुसऱ्या स्मार्टफोनवर घ्यायचं असेल तर त्याच सिमवरून पुन्हा पडताळणी होते, खातं कुठे जात नाही. तोवर बाबांना सांगून ठेवा की "तुमचा फोन बंद पडला म्हणून केवायसी करून देतो" असा कुणाचा फोन आला तर काही सांगायचं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपबाबत जपून. सिम दुसऱ्या स्मार्टफोनमध्ये घालून व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलंत तर आधी जुना बॅकअप सापडतो का ते बघा आणि सापडला तर तो घ्याच. तो न घेता पुढे गेलात तर नवा बॅकअप जुन्याच्या जागी बसतो. बाबांचा गिऱ्हाइकांचा ग्रुप असेल तर त्यातल्या सगळ्यांचे नंबर तिथेही दिसतील.

साकवाजवळ | १० जुलै, दुपारी १:५०

ग्रुप आहे! 'आंबा २०२३' नावाचा, ६४ जण आहेत. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तेवढे तरी हाताशी आले. तुमचे आभार कसे मानू.

दुकानाचं सांगते. पाठ उघडून बॅटरी सोडवली. मग बोर्डावर बघून म्हणाले, बोर्ड सडला, आता काही होत नाही, टाकून द्या, नवा दाखवतो. मी फोटो काढलाय. एका कोपऱ्यात, चार्जिंगच्या जवळ, पांढरट-हिरवट बुरशीसारखं काहीतरी आहे आणि पत्र्याच्या झाकणाला माती लागलीय. खरंच संपलं का?

झाळकाम | १० जुलै, दुपारी २:१५

नाही. फोटोवरून सांगतो, हा गंज चोवीस तासांच्या आतला आहे. असले बोर्ड उठतात. सगळे नाही, पण पुष्कळ उठतात. त्या दुकानदाराने बॅटरी सोडवली, तुमचं खरं काम तिथेच झालं. बाकी बोर्डाचं काम त्याच्याकडे होत नसेल, त्यात वावगं काही नाही. पण 'माझ्याकडे होत नाही' आणि 'होतच नाही' यात फरक आहे आणि गिऱ्हाइकाला तो सांगायला हवा. याची मला फार चीड येते. लोकांची लग्नाची, बारशाची, गेलेल्या माणसांची चित्रं या एका वाक्यावर कचऱ्यात गेलीयत.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. कुणी सांगेल की मेमरीची चिप काढून दुसरीकडे वाचू. जुन्या फोनमध्ये ते व्हायचं. अलीकडच्या फोनमध्ये आतला डेटा कुलूपबंद असतो आणि त्या कुलपाची किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. नुसती चिप काढून हाती काही लागत नाही. नंबर हवे असतील तर हाच बोर्ड, याच प्रोसेसरसकट, थोडा वेळ का होईना जिवंत व्हायला हवा आणि त्यावर बाबांचा पॅटर्न टाकायला हवा. म्हणून बोर्ड वाचवणं हेच नंबर वाचवणं.

दुसऱ्या कारागिराकडे जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. मायक्रोस्कोपखाली काम करता का? शील्ड काढून खालून साफ करता का? आणि साफ कशाने करता? उत्तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्क्यांचं, असं यायला हवं. थिनर किंवा पेट्रोल म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा. अल्ट्रासॉनिक मशीन असेल तर फारच चांगलं, मात्र त्यात फक्त बोर्ड जातो. कॅमेरा, माइक, डिस्प्ले, बॅटरी यातलं काही त्यात घालायचं नसतं.

आणि ठणकावून सांगा: सॉफ्टवेअर मारू नका, म्हणजे नव्याने भरू नका. फोन चालू झाला आणि लोगोवर अडकला की पुष्कळ ठिकाणी सवयीने सॉफ्टवेअर मारतात. फोन चालू होतो आणि आतलं सगळं पुसलं जातं. "मला फोन नको, डेटा हवा" हे वाक्य पहिलं बोला, पावतीवर लिहून घ्या.

मी इथे माझ्या दुकानाचं नाव देणार नाही, ते बरोबर दिसणार नाही. कोल्हापुरात, रत्नागिरीत अशी कामं करणारे आहेत, विचारून जा. आणि उशीर करू नका. बॅटरी सुटल्यामुळे विजेचं काम थांबलं, पण माती आणि क्षार तिथेच आहेत, ते हवेतला ओलावा धरून गंज वाढवतात. वाळला म्हणजे बरा झाला असं नसतं. पाणी उडून जातं, त्यातलं बाकीचं सगळं मागे राहतं.

किनारपट्टी | १० जुलै, संध्याकाळी ६:३०

हे शेवटचं वाक्य मी शिकलोय ते अनुभवाने. तारकर्लीला आमच्या बोटी आहेत, सीझनला पर्यटकांचे फोन आठवड्याला एखादा तरी पाण्यात जातो. समुद्राचं पाणी म्हणजे लिटरला ३५ ग्रॅम मीठ. वाळल्यावर ते मीठ आतच राहतं आणि पुन्हा दमट हवा लागली की पाझरतं. दोन दिवस छान चालून तिसऱ्या दिवशी मेलेले फोन आम्ही कितीतरी बघितलेत.

आम्ही आता खारं पाणी गेलेला फोन बंद करून लगेच गोड्या पाण्याने धुतो. लोक ओरडतात, "अहो भिजलाय तो, आणखी काय भिजवता!" पण मीठ राहण्यापेक्षा गोडं पाणी परवडलं. झाळकाम, हे बरोबर करतो ना आम्ही?

झाळकाम | १० जुलै, रात्री ९:४०

बरोबर करता, दोन अटींवर. फोन आधी बंद झालेला हवा आणि त्यानंतर तासाभरात नव्हे तरी त्याच दिवशी कुणीतरी तो उघडून बॅटरी सोडवायला हवी. नुसतं धुऊन खिशात घालून घरी गेले तर उपयोग नाही. चहा, सरबत, उसाचा रस सांडला तरी हेच. साखर चिकटून बसते, ती पाण्यानेच सुटते, अल्कोहोलने नीट सुटत नाही.

उंबरठा | १० जुलै, रात्री १०:१५

मधेच विचारते, माफ करा. माझ्या फोनच्या खोक्यावर आयपी ६८ लिहिलंय. मग मला यातलं काहीच करायची गरज नाही ना? मुलगा तो घेऊन पोहण्याच्या तलावात उतरतो.

झाळकाम | १० जुलै, रात्री १०:५०

उतरू देऊ नका. आयपी ६७ म्हणजे १ मीटर गोड्या, स्थिर पाण्यात ३० मिनिटं. ६८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते प्रत्येक कंपनी स्वतः ठरवून सांगते. ही चाचणी नव्या फोनची, प्रयोगशाळेतली. तलावात क्लोरीन असतं, सूर मारला की दाब वाढतो, आणि आतल्या रबराच्या कडा, गम वर्षागणिक सैल होतात. फोन एकदा पडला असेल किंवा बाहेर डिस्प्ले बदलला असेल तर तो ६८ आता राहिला नाही असंच समजा. वॉरंटीत पाण्याचं नुकसान सहसा बसत नाही. सिम ट्रेच्या आत एक पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की तो लाल होतो, सर्व्हिस सेंटर आधी तोच बघतं.

असा फोन कधी भिजला आणि चार्जिंगला लावल्यावर पाण्याच्या थेंबाची खूण आली तर ती मोडून चार्ज करू नका. भोक खाली करून हवेशीर जागी ठेवा, किमान अर्धा तास, वेळ लागला तर पूर्ण एक दिवस. आत कापूस, टाचणी काही घालायचं नाही. घाई असेल आणि फोनला वायरलेस चार्जिंग असेल तर पाठ कोरडी करून त्याच्यावर ठेवा.

साकवाजवळ | १४ जुलै, रात्री ९:३०

उशिरा लिहितेय, पण नीट लिहिते.

रजा वाढवून घेतली आणि १२ तारखेला अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला गेले. घाटात दरड आली होती, दीड तास थांबलो. फोन, बोर्ड आणि बॅटरी वेगवेगळ्या प्लास्टिकच्या डब्यांत होती, मांडीवर धरून बसले होते. बाबा बरोबर आले. लावणी उरकली होती आणि पॅटर्न त्यांनाच येतो असं ते म्हणाले. खरं तर त्यांना घरी बसवत नव्हतं.

ज्यांच्याकडे गेलो त्यांना तीनही प्रश्न विचारले. तिसऱ्या प्रश्नावर त्यांनी कपाटातली बाटलीच काढून दाखवली. मी "फोन नको, डेटा हवा" म्हटल्यावर पावतीवर तसं लिहिलं आणि आम्हाला समोर बसू दिलं.

मायक्रोस्कोपचं चित्र स्क्रीनवर दिसत होतं. झाकण काढलं तर खाली चक्क पऱ्यातली तांबडी माती. आपल्या शेतातलीच, बाबा म्हणाले. ब्रशने, अल्कोहोलने धुतलं, मग मशीनमध्ये घातलं, मग गरम प्लेटवर वाळवलं. एवढ्यात दोन तास गेले. मीटर लावला तर बॅटरीच्या लाइनला शॉर्ट. त्यांनी बोर्डावर राळेचा धूर दिला. सगळ्या बोर्डावर पांढरं धुकं बसल्यासारखं झालं. मग बाहेरून थोडी थोडी वीज सोडली. एका जागी, चार्जिंगच्या चिपशेजारी, तिळाच्या दाण्याएवढ्या तुकड्यावरची राळ वितळून तेवढाच काळा ठिपका उघडा पडला. "हा बघा तुमचा चोर," ते म्हणाले. कपॅसिटर होता. तो उचलून काढला आणि शॉर्ट गेला. मी विचारलं, तो नसला तरी चालतं? ते म्हणाले, या लाइनवर असे बरेच असतात, एक नसला तरी बोर्ड चालतो.

आमचा डिस्प्ले गेलेला होता, म्हणून त्यांनी दुसऱ्या तशाच सेटचा फोल्डर, म्हणजे डिस्प्लेचा भाग, लावला. बॅटरी न लावता बाहेरच्या सप्लायवर चालू केला. लोगो आला. तिथे बराच वेळ थांबला, माझा श्वास अडकला. मग पॅटर्न मागितला. बाबांनी बोट धोतराला पुसलं आणि पॅटर्न काढला.

२३१ नंबर. एका फाइलमध्ये काढून आधी मेमरी कार्डावर घेतले, मग लगेच माझ्या लॅपटॉपवर. वहीची ५८ पानं. शिवाय मला ठाऊकच नसलेले आंब्याच्या मोहोराचे फोटो, दरवर्षीचे, प्रत्येक कलमाचे, तारखेसकट. बाबा म्हणाले, कुठल्या कलमाला मोहोर कधी येतो त्यावरून फवारणी ठरवतो. तेही सगळे आले. पाऊण तास चालला होता, तेवढ्यात सगळं उतरलं.

कामाचे १,८०० रुपये घेतले. बाबांना फोन परत वापरायचा होता म्हणून चार्जिंगचा छोटा बोर्ड आणि जुना फोल्डर मिळून आणखी ९०० दिले. बॅटरी नवी मिळाली नाही, जुनीच लावलीय. माइकमध्ये खरखर आहे.

झाळकामदादा, प्रयोगवहीबाई, पासबुकताई, सगळ्यांना बाबांनी नमस्कार सांगितलाय. हापूस पाठवायला आता जुलै आहे, एप्रिलमध्ये पत्ता मागेन.

गोदाकाठ | १४ जुलै, रात्री ९:४५

फार बरं वाटलं वाचून. मी आज बसून घरातल्या चौघांचे कॉन्टॅक्ट्स गुगल खात्यावर घेतले. आईच्या फोनमध्येही सगळे 'फोन'मध्येच सेव्ह होते. नवीन नंबर सेव्ह करताना वरती कुठे जपायचा ते विचारतं, तिथेच एकदा बदलावं लागतं, हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

झाळकाम | १५ जुलै, सकाळी ७:२०

ताई, ज्याने केलं त्याने मनापासून केलं. राळेचा धूर देऊन शोधणारा माणूस भेटला म्हणजे योग्य जागी गेलात.

पण जुनी बॅटरी लावली हे मला पटलं नाही. ती भिजली होती आणि ओली असताना चार्जिंगला लागली होती. पाणी बॅटरीच्या पिशवीत शिरलं असेल तर ती लगेच काही दाखवत नाही. बाबांना सांगा, रात्री उशाशी घेऊन झोपायचं नाही, गादीवर ठेवून चार्ज करायचं नाही. रोज पाठीवरून बोट फिरवून बघा. जराही उचललेली वाटली किंवा डिस्प्लेची कड वर आली तर फोन बंद करा आणि पुन्हा चार्ज करू नका.

साकवाजवळ | २६ जुलै, संध्याकाळी ७:१०

मी ठाण्याला परत आलेय. आज बाबांचा फोन आला, बटणांच्या फोनवरून. सकाळी त्या फोनची पाठ एका बाजूने उचलली होती, नख जाईल एवढी. तुम्ही सांगितलेलं त्यांच्या ध्यानात होतं. बंद करून खळ्यात नेऊन पत्र्याच्या डब्यात वाळूवर ठेवलाय, पडवीपासून लांब. उद्या राजापुरात नेऊ का, की हातच लावू नये?

झाळकाम | २६ जुलै, संध्याकाळी ७:३५

बाबांनी अगदी योग्य केलं. आज रात्र तिथेच राहू द्या, वर पावसाचं पाणी येणार नाही एवढं बघा. उद्या त्याच वाळूच्या डब्यातून न्या, खिशात किंवा पिशवीत घालून नाही. राजापूरचा तो दुकानदार बॅटरी सोडवू शकतो, त्याने आधी सोडवलीच आहे. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. दुकानदाराकडेच द्या आणि ई-कचऱ्यात द्यायला सांगा. बोर्ड मात्र परत मागून घ्या आणि कोरड्या डब्यात ठेवा. नवी बॅटरी मिळाली तर तो अजून चालेल.

साकवाजवळ | २७ जुलै, दुपारी ४:००

दिली बॅटरी. बोर्ड परत आणलाय. बाबा पडवीत बसून २३१ नंबरांना एकेक करून फोन लावतायत, कुठला चालू आहे ते बघायला. आत्तापर्यंत ४० झाले.